"चालता येतं, मग स्कूटर कशाला?" : विषयातून संशोधनाचा प्रश्न कसा निघतो



पेट, नेट, सेट यांपैकी कशाची ना कशाची तयारी करणाऱ्या मुलामुलींशी बोलताना एक वाक्य हमखास ऐकू येतं, "ताई, विषय आहे, पण प्रश्न मिळत नाहीये." तक्रार खरी आहे. 'ज्येष्ठ नागरिकांच्या समस्या' हा झाला विषय. तो घेऊन गाईडकडे गेलात तर ते मान डोलावतील आणि विचारतील, "बरं, पण यात शोधायचंय काय?" तिथंच आपली गाडी अडते.

विषयातून प्रश्न कसा निघतो, हे आज मी आईच्या स्कूटरवरून सांगणार आहे. स्कूटर म्हणजे किक मारून सुरू करायची आपली दुचाकी नव्हे. ज्यांना फार चालवत नाही अशा माणसांसाठी बॅटरीवर चालणारी, बसायला खुर्ची आणि पुढे हँडल असलेली छोटी गाडी असते ना, ती मोबिलिटी स्कूटर. आम्ही ती थीम पार्कच्या सहलीसाठी भाड्यानं घेतली होती.

मी अमेरिकेत पुनर्वसनशास्त्रात पीएच.डी. करतेय. माणूस किती चालू शकतो, ते कसं मोजायचं, हाच माझा अभ्यास. तरीही घरच्या माणसाच्या बाबतीत मी ढळढळीत चुकले. त्या चुकीतून जे शिकले ते इथं मांडतेय. आईची परवानगी घेतली आहे. तिची अट एकच, "माझं वय आणि वजन लिहू नकोस." मान्य!

पहिला दिवस : जर्मनीसमोरचं बाकडं

आई-बाबा गेल्या हिवाळ्यात सांगलीहून पहिल्यांदाच माझ्याकडे आले. फ्लोरिडातल्या ऑर्लँडोजवळचं वॉल्ट डिस्ने वर्ल्ड दाखवायचं ठरलं. हे प्रकरण किती मोठं आहे याची कल्पना आधी द्यायला हवी. १ ऑक्टोबर १९७१ला हे सुरू झालं. आज त्याची जागा साधारण शंभर चौरस किलोमीटर आहे आणि तीत चार वेगवेगळी थीम पार्क आहेत. पार्किंगपासून दारापर्यंत, दारापासून पहिल्या राइडपर्यंत, मग रांगेत, मग पुढच्या राइडपर्यंत असं करत दिवसाला दहा-बारा किलोमीटर चालणं सहज होतं. त्यात उभं राहणं वेगळं.

आईच्या दोन्ही गुडघ्यांची झीज झालेली आहे. पण सांगलीत ती दोन जिने चढते, मंडईत जाते, संध्याकाळी मैत्रिणींबरोबर फेरी मारते. मी फोनवर विचारलं होतं, "आई, चालशील ना?" ती म्हणाली, "न चालायला काय झालं?" आणि मी, जी दिवसरात्र लोकांचं चालणं मोजते, तिनं हे उत्तर जसंच्या तसं स्वीकारलं.

पहिल्या दिवशी आम्ही एपकॉटला गेलो. तिथं एका तळ्याभोवती अकरा देशांची दालनं आहेत आणि त्या तळ्याला पूर्ण फेरी मारायची तर साधारण दोन किलोमीटर होतात. मेक्सिको, नॉर्वे, चीन असं करत आम्ही जर्मनीपर्यंत पोचलो आणि आई बाकड्यावर बसली. "तुम्ही जाऊन या. मला इथं छान वाटतंय. माणसं बघत बसते."

आम्ही गेलो. परत यायला दोन तास लागले. आई तिथंच होती. हातातली पाण्याची बाटली आम्ही दिली तशीच भरलेली. "पाणी का नाही प्यायलीस?" तर हळूच म्हणाली, "बाथरूम लांब आहे गं."

हे ऐकून मला जे वाटलं ते लिहीत नाही. एवढं लक्षात ठेवा, की त्या दिवशी कुणी पाहणी केली असती तर आईची नोंद 'स्वतःच्या पायांनी चालणारी, साधनाची गरज नसलेली पर्यटक' अशीच झाली असती.

"मी काय अपंग आहे का?"

रात्री हॉटेलवर मी स्कूटरचं नाव काढलं आणि आईच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. "मी काय अपंग आहे का? म्हातारी माणसं पंढरपूरला चालत जातात आणि मी इथं गाडीवर बसून फिरू?" बाबा म्हणाले, "अगं, इथं तुला कोण ओळखतंय?" त्यावर आई म्हणाली, "फोटो तर सांगलीत जाणारच आहेत ना!"

मी गुडघ्याच्या सांध्यातल्या कूर्चेबद्दल पाच मिनिटं बोलले. काही उपयोग झाला नाही. शेवटी बाबाच म्हणाले, "लूनावरून शाळेत जायचीस तेव्हा तुला कुणी अपंग म्हणालं होतं का?" आई शिक्षिका होती, लूनावर तिनं वीसेक वर्षं काढली. ती गप्प झाली. थोड्या वेळानं तिनं विचारलं, "ती गाडी मला चालवता येईल का?"

म्हणजे अडचण गुडघ्यांची नव्हतीच. गाडीवर बसल्यावर आपण कोण ठरतो, ही होती. हे वाक्य मी त्या रात्री वहीत लिहून ठेवलं. पुढचा सगळा विचार त्यातूनच सुरू झाला.

भाड्यानं घेताना काय बघायचं

तुमच्यापैकी कुणाचे आई-वडील अशा सहलीला जाणार असतील तर कामी येईल म्हणून व्यवहाराचंही सांगते.

स्कूटर दोन ठिकाणी मिळते. एक, पार्कच्या दाराजवळ. ती दिवसाच्या भाड्यानं, वर परत मिळणारी अनामत भरून. आधी राखून ठेवता येत नाही. सकाळी जो आधी येईल त्याला मिळते, गर्दीच्या दिवसांत संपूनही जाते. शिवाय ती पार्कच्या बाहेर नेता येत नाही, म्हणजे पार्किंग ते दार हे अंतर पायीच. दोन, बाहेरचे भाडेवाले. ते आठवड्याच्या हिशेबानं देतात, हॉटेलवर आणून पोचवतात आणि ती पूर्ण वेळ आपल्याजवळ राहते. तीन-चार दिवस राहणार असाल तर हे बहुधा स्वस्त पडतं. फक्त गाडी ताब्यात घ्यायला आणि परत द्यायला आपण स्वतः हजर राहायचं का, हे आधी विचारून घ्या. दोन्हीकडे मोडतोड झाली तर खर्च कुणाचा, हेही आधीच वाचा. आणि चालवणाऱ्याचं वय किमान अठरा हवं, त्यामुळे नातवाला फेरी मारून आणू द्यायचा मोह टाळा.

गाडी तीनचाकी किंवा चारचाकी असते. तीनचाकी कमी जागेत वळते, पण वेगात वळवली तर कलंडायची भीती जास्त. चारचाकी स्थिर असते, पण वळायला जागा लागते. हँडलखाली एक दांडी असते: एका बाजूनं दाबली की पुढे, दुसऱ्या बाजूनं दाबली की मागे. हात सोडला की गाडी आपोआप थांबते. लूनावाल्या माणसाला हीच गोष्ट अवघड जाते, कारण घाबरल्यावर सवयीनं मूठ आवळली जाते आणि इथं मूठ आवळली तर गाडी पळते. म्हणून पहिला सराव मोकळ्या जागेत करा. वेगाचं एक बटण असतं, त्यावर बहुतेक ठिकाणी कासव आणि ससा काढलेला असतो. गर्दीत कासवच बरं. मागे चाकांजवळ एक खटका असतो. तो फिरवला की मोटर सुटते आणि गाडी हातानं ढकलता येते. पण तेव्हा ब्रेकही लागत नाही. उतारावर तो खटका चुकूनही फिरवू नका.

आणि चार्जिंग. आमची फजिती इथं झाली. दुसऱ्या दिवशी रात्री गाडी चार्जिंगला लावली. बाबांनी सवयीप्रमाणे झोपताना खोलीतले सगळे दिवे बंद केले. अमेरिकेतल्या पुष्कळ खोल्यांत भिंतीवरच्या एखाद्या बटणाला प्लगची एक जागाही जोडलेली असते. दिव्याबरोबर चार्जरही बंद! तिसऱ्या दिवशी दुपारी गाडी बंद पडली आणि बाबांनी ती ढकलत दारापर्यंत आणली. तेव्हापासून मी चार्जरवरचा छोटा दिवा बघितल्याशिवाय झोपत नाही. प्रयोगशाळेत उपकरण सुरू आहे की नाही हे दोनदा बघायला शिकवतात ना, तेच इथं.

राइडचंही बघून ठेवा. काही ठिकाणी रांगेत स्कूटर जाते, काही ठिकाणी ती बाहेर ठेवून साध्या व्हीलचेअरवर बसावं लागतं आणि बऱ्याच राइडमध्ये उठून स्वतः आसनावर बसावं लागतं. कुठं काय, हे पार्कच्या नकाशात आणि माहितीपत्रकात दिलेलं असतं. स्कूटर आहे म्हणून रांग वगळता येते, हा मात्र गैरसमज आहे. रांगेत थांबता न येणाऱ्यांसाठी डिस्नेची वेगळी सोय आहे, ती २०१३ साली सुरू झाली. २०२४ साली तिचे नियम आवळले आणि ती मुख्यतः ऑटिझमसारख्या विकासात्मक अडचणी असणाऱ्यांसाठी ठेवली. चालण्याच्या अडचणीशी तिचा संबंध नाही.

असो. आता मूळ मुद्द्याकडे.

गरज मोजायची कशी?

'आईला स्कूटरची गरज होती का?' हा साधा प्रश्न वाटतो. पण संशोधनात उतरवायचा म्हटलं की 'गरज' या शब्दाशी आपण अडखळतो. गरज दिसत नाही, तिला वजन नाही, लांबी नाही. मग ती मोजता येईल अशा कशात तरी बदलावी लागते. याला कार्यात्मक व्याख्या म्हणतात. पेटच्या पेपरात यावर एका मार्काचा प्रश्न येतो आणि आपण पाठ केलेलं वाक्य लिहून मोकळे होतो. प्रत्यक्षात प्रबंधाचं निम्मं भवितव्य तिथं ठरतं.

आमच्या क्षेत्रात चालण्याची क्षमता मोजायला सहा मिनिटांची चालण्याची चाचणी वापरतात. अमेरिकन थोरॅसिक सोसायटीनं २००२ साली तिची मार्गदर्शक तत्त्वं दिली. तीस मीटरचा सपाट, सरळ बोळ. दोन्ही टोकांना खूण. सहा मिनिटांत माणूस किती मीटर चालतो ते मोजायचं. मध्ये थांबायची मुभा असते. दर मिनिटाला धीर देताना काय बोलायचं, ते शब्दसुद्धा ठरलेले असतात, कारण एकानं "छान!" म्हटलं आणि दुसऱ्यानं "चला चला, अजून जोरात!" म्हटलं तर आकडा बदलतो. म्हणूनच ही चाचणी आज घेतली आणि उद्या घेतली, इथं घेतली आणि सांगलीत घेतली तरी आकडे ताडून बघता येतात. हिला आपण विश्वसनीयता म्हणतो.

सहलीहून परत आल्यावर आमच्या इमारतीतल्या लांब बोळात मी आईची ही चाचणी घेतली. आकडा वाईट नव्हता. नुसता तो कागद बघून कुणीही म्हणालं असतं, हिला स्कूटर कशाला?

मग चुकलं कुठं? चाचणी चुकीची नाही. मी तिला जे विचारत होते, त्याचं उत्तर देण्यासाठी ती बनलेलीच नाही. जागतिक आरोग्य संघटनेनं २००१ साली माणसाच्या कार्यक्षमतेचं एक वर्गीकरण मान्य केलं. त्यात दोन गोष्टी वेगळ्या धरल्या आहेत. एक, क्षमता: ठरावीक, नियंत्रित परिस्थितीत माणूस काय करू शकतो. दुसरी, प्रत्यक्ष कामगिरी: तो जिथं आहे त्या खऱ्या परिस्थितीत काय करतो. तीस मीटरच्या बोळात दिसली ती आईची क्षमता. एपकॉटच्या तळ्याकाठी ऊन, गर्दी, लांबचं बाथरूम आणि 'माझ्यामुळे यांचा खोळंबा नको' हा विचार, हे सगळं धरून दिसली ती कामगिरी. या दोहोंमधली फट शरीरात नसते, जागेत असते.

अपंगत्वाच्या अभ्यासात हा विचार जुना आहे. ब्रिटनमधल्या अपंग कार्यकर्त्यांनी १९७६ साली मांडलं, की शरीरातली कमतरता ही एक गोष्ट आणि समाजाच्या रचनेनं घातलेली अडवणूक ही दुसरी. माइक ऑलिव्हर यांनी १९८३ साली त्याला 'सामाजिक प्रारूप' हे नाव दिलं. मी हे पहिल्या सत्रात वाचलं होतं, परीक्षेत लिहिलंही होतं. पण समजलं ते त्या न प्यायलेल्या पाण्याच्या बाटलीमुळे.

गरज ठरवतो कोण?

दुसऱ्या दिवशी गाडी घेताना आईनं पर्समधून तिचा गुडघ्यांचा एक्स-रे रिपोर्ट काढला. काउंटरवरच्या मुलीला तो नको होता. तिनं वय बघितलं, पैसे घेतले, किल्ली दिली. आई चकित. "काहीच विचारलं नाही?"

तिचं चकित होणं समजून घ्या. आपल्याकडे सवलत म्हटलं की दाखला आला. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात एकवीस प्रकार दिलेत आणि बऱ्याच लाभांसाठी किमान ४० टक्के अपंगत्वाचं प्रमाणपत्र लागतं. नोकरीतलं आरक्षण किंवा पेन्शन वाटायची तर कुठं तरी रेघ मारावीच लागते, त्यामुळे हे अकारण नाही. पण त्यामुळे आपल्या डोक्यात 'अपंग' आणि 'धडधाकट' असे दोनच कप्पे पक्के झाले आहेत. आई ४० टक्क्यांत बसत नाही, म्हणून तिच्या लेखी तिला काही मागायचा हक्कच नाही.

अमेरिकेत १९९०चा अपंगत्व कायदा आहे. त्याचे सुधारित नियम मार्च २०११पासून लागू झाले. चालण्याची अडचण असलेल्या माणसासाठी मुख्यतः बनवलेली गाडी, मग ती हातानं चालणारी असो वा बॅटरीवर, या नियमांत व्हीलचेअरमध्येच मोडते. लोक जिथं पायी जाऊ शकतात तिथं ती जाऊ द्यायची आणि तुम्हाला नेमकं काय झालंय हे विचारायचं नाही. म्हणजे एका पद्धतीत गरज डॉक्टर ठरवतो, दुसरीत माणूस स्वतः सांगतो.

मग दुसरी पद्धत जिंकली, असं समजू नका. दुपारी एका देखाव्यासमोर आई गाडीवरून उठली, चार पावलं चालली आणि बाबांचा फोटो काढला. मागून एक बाई सोबतच्या माणसाला म्हणाल्या, "बघ, चांगली चालतेय की." आवाज हळू होता, पण आईला इंग्रजी उत्तम कळतं. ती येऊन गाडीवर बसली आणि संध्याकाळपर्यंत उठली नाही. पाय आखडले तरीही. मी म्हटलं, "जरा उभी राहा." तर म्हणाली, "नको. लोकांना वाटेल नाटक करतेय."

विचार करा. पहिल्या दिवशी ती धडधाकट दिसण्यासाठी बाकड्यावर बसून राहिली. दुसऱ्या दिवशी अपंग दिसण्यासाठी गाडीवर बसून राहिली. दोन्ही दिवशी कागदावरची क्षमता तीच होती.

या संशयावर चांगलं संशोधन झालेलं आहे. डोरॉन डॉर्फमन या कायद्याच्या अभ्यासकाचा २०१९ सालचा लेख 'अपंगत्वाचं सोंग' या लोकांच्या मनातल्या भीतीबद्दलच आहे. थोडं चालू शकणारी, पण लांब न चालू शकणारी माणसं या संशयाच्या तोंडी सहज सापडतात, कारण ती आपल्या दोन कप्प्यांपैकी एकातही नीट बसत नाहीत. समाजशास्त्र घेतलेल्यांनी अर्व्हिंग गॉफमन यांचं १९६३ सालचं 'स्टिग्मा' वाचलं असेल. माणूस आपल्यावरचा शिक्का कसा झाकतो, कसा सांभाळतो, हे त्यात आहे. नसेल वाचलं तर वाचाच, लहान पुस्तक आहे.

बाकड्यावरची माणसं कोण मोजणार?

आता पद्धतीचा मुद्दा. समजा मला 'थीम पार्कमध्ये मोबिलिटी स्कूटर वापरणाऱ्यांचा अनुभव' यावर अभ्यास करायचाय. सोपा मार्ग कोणता? दाराशी उभं राहायचं, स्कूटरवरून येणाऱ्यांना प्रश्नावली द्यायची. शंभर जण भरून देतील, ऐंशी जण समाधानी निघतील, तक्ता सुंदर दिसेल.

पण या शंभरांत पहिल्या दिवशीची आई नाही. ज्यांना लाज वाटली, ज्यांना परवडलं नाही, ज्यांना अशी गाडी मिळते हेच माहीत नव्हतं, जे बाकड्यावर बसून राहिले किंवा 'तुम्ही जाऊन या' म्हणत घरीच थांबले, त्यातलं कुणीही नाही. ज्यांची अडचण सुटली त्यांनाच विचारून अडचण किती मोठी, हे ठरवण्यासारखं झालं. याला निवडीतला पूर्वग्रह म्हणतात. तोंडी परीक्षेत विचारलं तर व्याख्या सगळे सांगतात. आराखड्यात मात्र तो डोळ्यांदेखत निसटतो, कारण जो नमुन्यात नाही तो दिसतच नाही.

याचे परिणाम कागदापुरते राहत नाहीत. अमेरिकेत दाराची रुंदी किमान ३२ इंच, व्हीलचेअरसाठी मोकळी जागा ३० बाय ४८ इंच, वळायला ६० इंचांचं वर्तुळ अशी मापं ठरलेली आहेत. त्यांची मुळं १९७०च्या दशकातल्या संशोधनात आहेत आणि तेव्हा मुख्यतः हातानं चालणाऱ्या व्हीलचेअर वापरणारे लोक मोजले होते. पुढे बफेलो विद्यापीठात एडवर्ड स्टाइनफेल्ड आणि सहकाऱ्यांनी सुमारे पाचशे जणांची मापं घेतली. त्यांत बॅटरीवरच्या खुर्च्या आणि स्कूटर वापरणारेही होते. २०१०च्या सुमारास निघालेला निष्कर्ष असा, की जुनी मापं आजच्या बऱ्याच वापरणाऱ्यांना, विशेषतः स्कूटरवाल्यांना, अपुरी पडतात. म्हणजे तुमच्या नमुन्यात कोण होतं, यावर पुढे कित्येक वर्षं कुणाची गाडी दारात वळणार हे ठरतं.

विषयापासून प्रश्नापर्यंत

आता सुरुवातीच्या तक्रारीकडे येऊ. माझ्या वहीतल्या पायऱ्या जशा आहेत तशा देते.

विषय: थीम पार्क आणि मोबिलिटी स्कूटर.

पहिला प्रयत्न: 'स्कूटरचा ज्येष्ठ पर्यटकांना फायदा होतो का?' प्रश्न आहे, पण उत्तर आधीच माहीत आहे आणि 'फायदा' म्हणजे काय ते माहीत नाही. बाद.

दुसरा प्रयत्न: 'सहा मिनिटांच्या चाचणीत किती मीटरखाली गेल्यास स्कूटर लागते?' मोजता येतं, नेटकं आहे. पण आईच्या बाबतीत चाचणीनं चुकीचं उत्तर दिलं, हे आपण बघितलं. मोजता येतं म्हणून तेच मोजायचं, हा आपल्या सगळ्यांचा लाडका सापळा. बाद.

तिसरा प्रयत्न: 'ज्यांना कमी अंतर चालता येतं पण लांब अंतर झेपत नाही, अशी माणसं स्कूटर घ्यायची की नाही हे कसं ठरवतात आणि न घेण्याची किंमत काय मोजतात?' इथं काही तरी सापडलं. कुणाला विचारायचं ते स्पष्ट आहे. न घेणारेही यात येतात. 'किंमत' म्हणजे काय, हे मुलाखतींतून उलगडेल: बाकड्यावरचा वेळ, चुकलेले देखावे, न प्यायलेलं पाणी. मग त्यातून मोजण्याजोग्या गोष्टी ठरवून पुढे पाहणी करता येईल. आधी गुणात्मक, मग संख्यात्मक.

फरक कुठं पडला बघा. पहिले दोन प्रश्न गाडी आणि गुडघा यांच्याबद्दल होते. तिसरा एका निर्णयाबद्दल आहे. निर्णय म्हटला की माणूस आला, जागा आली, पैसा आला, लाज आली.

दोन इशारेही देते. एक, आईचा अनुभव हा पुरावा नव्हे. ती एकच व्यक्ती, तीही माझी आई, आणि तिला त्रास होताना बघून मी तटस्थ राहिले नव्हते. एका अनुभवातून प्रश्न मिळतो, उत्तर मिळत नाही. ज्यांना हे दोन्ही एकच वाटतं त्यांचे प्रबंध पहिल्याच प्रकरणात निष्कर्ष सांगून मोकळे होतात.

दुसरा संमतीचा. सहलीत एका क्षणी मी वही काढून नोंदी करायला लागले, तेव्हा आई म्हणाली, "आत्ता तू माझी मुलगी आहेस की संशोधक?" मी वही मिटली. खऱ्या अभ्यासात माहितीपूर्ण संमती, विद्यापीठाच्या नैतिक समितीची परवानगी, नको म्हणायचं स्वातंत्र्य हे सगळं आधी लागतं, आणि घरच्या माणसाला तर नको म्हणणं फारच अवघड जातं. सहलीतल्या नोंदी मी प्रबंधात वापरणार नाही. इथं लिहितेय तेही तिनं दोनदा वाचून होकार दिल्यावर.

शेवटचा दिवस

शेवटच्या दिवशी आम्ही पुन्हा एपकॉटला गेलो. या वेळी आईनं तळ्याची फेरी पूर्ण केली. जपानच्या दालनात ती गाडीवरून उठली, दुकानात सावकाश फिरली, परत येऊन बसली. कुणी बघतंय का, हे तिनं एकदा बघितलं, पण उठली. फोटो सांगलीत गेले आहेत. मैत्रिणींनी पहिला प्रश्न विचारला, "ही गाडी तिकडं भाड्यानं मिळते का?" त्यातल्या दोघींच्या मुलांना याच वर्षी आयांना तिकडं न्यायचंय.

तुमच्यासाठी गृहपाठ. फ्लोरिडाला जायची गरज नाही. रायगडाचा रोपवे घ्या, एखाद्या देवस्थानची दर्शनरांग घ्या, नाही तर तुमच्या गावातलं एसटी स्टँड घ्या. तासभर तिथं बसा. सोय वापरणारे मोजू नका. बाजूला बसून 'तुम्ही जाऊन या' म्हणणारी माणसं शोधा. मग एका वाक्यात प्रश्न लिहा, प्रश्नचिन्हासकट. त्यातला कोणता शब्द मोजायला सर्वांत अवघड आहे, त्याखाली रेघ मारा. गाईडकडे जाताना ती रेघ घेऊन जा.

पुढच्या वेळी त्या रेघ मारलेल्या शब्दाचं काय करायचं, ते बघू.